पहाटे सव्वापाचला, काळ्या घोड्यापाशी

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तर घाईत लिहावे असे वाटले नाही, म्हणून उशीर झाला. तू घड्याळ कोणते घ्यावे हे विचारले आहेस, कॉलेजातली जुनी सायकल चालेल का हे विचारले आहेस, आणि तिसरी गोष्ट विचारलेली नाहीस तर कळवली आहेस, की गोव्याच्या ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी स्पर्धेसाठी, पहिले सहा महिने तू एकटीच सराव करणार आणि ‘थोडी लायक झाल्यावर’ आमच्या गटात येणार. तुझी आई आणि मी शाळेत एका बाकावर बसलो आहोत, त्या नात्याने मी तुझी मावशी लागते. तेव्हा सरळच लिहिते की हा तिसरा बेत मला पसंत नाही. घड्याळाचे आणि सायकलचे मागाहून पाहू.

‘लायक झाल्यावर’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण बारा वर्षांपूर्वी मीही तेच म्हणत होते. आईच्या आजारपणात दोन वर्षे घर, बँक आणि दवाखाना यांपलीकडे मी कुठे गेले नव्हते. ती गेल्यानंतर सकाळचा तो तास, ज्या वेळी मी तिला स्पंज करून चहा देत असे, एकदम रिकामा झाला आणि तो मला घरात बसून काढवेना. म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी मी इथे बडोद्यातल्या लालबागच्या जलतरण तलावावर बायकांच्या बॅचमध्ये नाव घातले. पंचवीस मीटर पोहता येत नव्हते. कोणी पाहू नये म्हणून मी अगदी कडेच्या लेनमध्ये, बॅच संपत आली की उतरत असे, आणि असे दोन महिने केल्यावरही माझे पंचवीस मीटर काही पुरे होईनात. शेवटी शेजारच्या लेनमधल्या एका गुजराती शिक्षिकेने मला थांबवून विचारले, ‘बेन, तुम्ही श्वास सोडता कुठे?’ मी कुठेच सोडत नव्हते. तोंड पाण्यात असेपर्यंत श्वास कोंडून धरायचा आणि तोंड वर आले की तेवढ्यातच सोडायचा आणि घ्यायचाही, असा माझा खटाटोप चालला होता. त्या एका प्रश्नाने जे झाले ते दोन महिन्यांच्या एकांतात झाले नव्हते. आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे पोहण्याइतके दुसऱ्या कशातही खरे नसेल; तिथे तर आपले डोळेसुद्धा तळाकडे लागलेले असतात.

पोहण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तू लिहिले आहेस की सायकल आणि धावणे जमेल, पाण्याची मात्र भीती वाटते. पाण्यात जीव घाबरतो तो बहुतेक वेळा हवा कमी पडल्याने घाबरत नाही. आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडल्याने छाती भरून येते आणि मेंदू ‘वर ये, वर ये’ असे ओरडू लागतो. म्हणून तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सतत, हळूहळू बुडबुडे सोडत राहायचे आणि मान वळवली की नुसता श्वास घ्यायचा. पहिले पंधरा दिवस कठडा धरून एवढेच कर. त्यानंतरची चूक डोक्याची असते. समोर पाहण्यासाठी डोके उचलले की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग आपण पाण्यातून जाण्याऐवजी पाणी ढकलत बसतो. नजर तळाकडे, मान सैल, आणि हात पुढे गेला की क्षणभर त्या हातावर घसरत जायचे. पाय जोरजोराने मारू नकोस. ट्रायथलॉनमध्ये पुढे सायकल आणि धाव असते, पाय त्यासाठी राखायचे असतात. आठवड्यातून एकदा दीड तास पोहण्यापेक्षा चार वेळा पाऊण तास पोहलेले बरे, कारण पाण्याची ओळख चार दिवसांच्या खंडाने पुसली जाते.

तलावात जमले म्हणजे उघड्या पाण्यात जमेल असे नाही, आणि इथे आपल्या बडोद्याची एक अडचण आहे. शहराच्या मधून नदी वाहते आणि तिच्यात पाऊल टाकता येत नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, आजव्याच्या जलाशयातही आहेत. मगरींनी भरलेल्या नदीकाठी शहर वसते आणि दोघेही टिकून राहतात, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. परंतु पोहण्याच्या सरावासाठी आपल्याला बाहेरच जावे लागते. आमचा गट स्पर्धेच्या आधी एकदा तरी समुद्रावर जातो, दोघेतिघे कोल्हापूरच्या राजाराम तलावातल्या ट्रायथलॉनलाही जाऊन आले आहेत. उघड्या पाण्यात तळाची काळी रेघ नसते, भिंत नसते, शेजारच्याची लाथ लागते, आणि दिशा राखण्यासाठी दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढून वाट दाखवणारा तरंगता बोया पाहावा लागतो, थेट मगरीसारखे. समुद्रात एकटी कधीही उतरू नकोस. मला इथे फक्त सुरक्षिततेचा नियम सांगायचा नाही. पहिल्यांदा पाय टेकत नाहीत हे लक्षात आले तेव्हा माझा श्वास सुटला होता, आणि बाजूला आमच्यातला दंतवैद्य उताणा तरंगत अगदी साध्या आवाजात म्हणाला, ‘काही नाही, ताई, पाठीवर वळा, आकाश बघा.’ मीठपाणी माणसाला गोड्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरते, हे मला माहीत होते. त्या क्षणी ते आठवून देणारा माणूस जवळ असावा लागतो.

आता सायकल. रविवारी पहाटे आम्ही काळ्या घोड्यापाशी, सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ, जमतो आणि हालोलच्या रस्त्याने पावागडाकडे जातो. जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर होतात. बडोद्याच्या आसपासची जमीन सपाट असल्यामुळे चढाचा सराव हवा असेल तर चांपानेरहून माचीपर्यंत जाणारा घाटरस्ता हाच आपला गुरू. सपाट रस्त्यावर खरा विरोध वाऱ्याचा असतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून गटात एकामागे एक राहून, पुढचा दमला की मागच्याने पुढे येऊन, सगळ्यांचे श्रम वाटून घेतले जातात. पुढे असणाऱ्याने खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा, गतिरोधक आला की ओरडून सांगायचे, आणि मागच्याने ते आणखी मागे पोहोचवायचे. मागे असताना तुला रस्ता दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते. हा विश्वास पहिल्या दिवशी येत नाही. तो यावा म्हणूनच गटात लवकर यायचे असते.

आणि या खेळातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की स्पर्धेच्या दिवशी हे सगळे निषिद्ध असते. आयर्नमॅन प्रकारच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत आपल्यासारख्या हौशी खेळाडूंना पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर राखावे लागते. जवळ राहून वारा चुकवला तर दंड होतो. वर्षभर ज्यांच्या पाठीमागे आपण वारा चुकवला, ते सगळे त्या दिवशी समोर दिसतात, पण ९० किलोमीटर प्रत्येकाने आपला वारा आपणच सोसायचा. पहिल्या वेळी मला हे फार एकाकी वाटले. मग ध्यानात आले की माझ्या पायांत जे बळ होते त्यातले निम्मे तरी याच लोकांच्या पाठीमागे जमले होते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सहा-सात वर्षांपूर्वी मी वेळेच्या फार मागे लागले होते. एका रविवारी हालोलहून परतताना माझ्या बरोबरीच्या मैत्रिणीच्या चाकात काटा गेला. माझी सरासरी त्या दिवशी फार चांगली येत होती. ‘तू ट्यूब बदल, मी पुढच्या टपरीवर थांबते’, असे म्हणून मी निघाले आणि टपरीवरही थांबले नाही. तिच्या पंपाची पट्टी तुटली होती. ट्रकच्या त्या रस्त्यावर ती पन्नास मिनिटे एकटी उभी होती. शेवटी एका दूधवाल्याने तिला मदत केली. ती मला एक शब्दही बोलली नाही, पुढच्या रविवारी आली, त्याच्याही पुढच्या रविवारी आली आणि मग यायची थांबली. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने चहा केला, माफही केले, परंतु सायकल मात्र तिने नंतर विकून टाकली. त्या दिवसाची माझी सरासरी किती होती ते मला आज आठवत नाही. तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे की जितकी माणसे निघाली तितकी परत यायची, आणि सर्वांत मागे नेहमी अनुभवी माणूस राहतो. अलीकडे बहुतेक रविवारी मागे मी असते. तू हळू आहेस म्हणून गटाला त्रास होईल ही तुझी काळजी म्हणूनच सोडून दे. तुझ्या मागे मी असेनच.

धावण्याविषयी थोडक्यात. तू कमाटीबागेत रोज धावतेस हे चांगले आहे. झाडांची सावली आणि मऊ वाटा गुडघ्यांना मानवतात. फक्त तू फार वेगाने धावतेस, असे तुझ्या आईने सांगितले. आठवड्यातल्या बहुतेक धावा अशा वेगाने कर की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. बोलता बोलता धाप लागली तर वेग कमी कर. हृदय, रक्तवाहिन्या आणि स्नायूंतली ऊर्जेची व्यवस्था या संथ, लांब श्रमांनीच वाढते, आणि हाडे व स्नायुबंध तर फुप्फुसांपेक्षा बरेच सावकाश तयार होतात. दम वाढला म्हणून अंतर वाढवत गेलेल्या कितीतरी मुलांच्या नडगीची हाडे दुखावलेली मी पाहिली आहेत. पंधरा दिवसांतून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या दोन-तीन किलोमीटर धाव. याला ब्रिक म्हणतात. पहिली दहा मिनिटे पाय आपले नाहीतच असे वाटेल. ते सगळ्यांनाच वाटते.

आता तुझ्या पत्रातले जे वाक्य मला सर्वांत अधिक बोचले त्याकडे येते. ‘मला स्वतःला सिद्ध करायचे आहे’, असे तू लिहिले आहेस. कोणाला, ते लिहिलेले नाहीस, आणि मी विचारणार नाही. चोविसाव्या वर्षी असे कोणी ना कोणी असतेच. या कारणाने माणूस फॉर्म भरतो, पहिले दोन महिने पहाटे उठतो, आणि ते कारण खोटेही नसते. परंतु ते संपते. ज्याला दाखवायचे तो आपल्या उद्योगाला लागतो, किंवा आपल्यालाच एक दिवस त्याचे काही वाटेनासे होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात थंडीत पहाटे पाच वाजता गार पाण्यात उतरायचे असते. तेव्हा कामाला येतात ती कारणे अगदी लहान असतात. काल डावा हात पाण्यात नीट पकड घेत नव्हता, आज घेतो का ते पाहायचे असते. कोपऱ्यावर कोणीतरी सायकल टेकवून उभे असते आणि आपण गेलो नाही तर ते दहा मिनिटे वाट पाहील, हे ठाऊक असते. मी बारा वर्षे टिकले ती मुख्यतः या दुसऱ्या कारणामुळे. आईच्या वेळी कोणाला तरी माझी गरज होती म्हणून मी उठत होते. नंतर कोणीतरी माझी वाट पाहत होते म्हणून उठू लागले. या दोहोंत फार अंतर नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

तुला वाटत असेल की हा खेळ एकट्याच्या जिद्दीचा आहे आणि मावशी त्यात उगीच माणसे घुसवते आहे. म्हणून या स्पर्धेचा आरंभ कसा झाला ते सांगते. हवाईत जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने, पोहणारा अधिक दमदार की सायकलवाला की धावणारा, या मित्रमंडळींच्या वादावर तोडगा म्हणून तिन्ही एकत्र करायचे सुचवले आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. १५ जण निघाले आणि १२ जणांनी ती पुरी केली. आज आहेत तशी पाण्याची आणि खाण्याची टेबले त्या दिवशी नव्हती. प्रत्येकाने आपल्या मदतीला आपली माणसे गाडी घेऊन आणायची होती. त्या लांबलचक दिवसात कोणाचे पाणी संपले आणि कोणाचे नाही हे त्या माणसांवर अवलंबून होते. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, लिन लेमेअर ही सायकलपटू त्या स्पर्धेत उतरलेली एकटी स्त्री होती, आणि पुरुषांसह सर्वांत ती पाचवी आली. कमाटीबागेत सकाळी आपल्याकडे वळून पाहणारे लोक आठवले की मला ती आठवते. आणि आपल्या गावापुरते बोलायचे तर दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची, प्रा. माणिकरावांच्या आखाड्याची, परंपरा तुला माहीत आहेच. आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी तिथे घाम गाळायला जात होती ती घरात दोर नव्हता म्हणून नव्हे. चार जणांच्या श्वासात आपला श्वास मिळाला की शरीर अधिक सोसते, हे त्यांना कळले होते.

मैत्रीविषयी मात्र तुला गोड चित्र दाखवून बोलावणार नाही. आमच्यात दंतवैद्य आहे, शिक्षिका आहे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, औषधाच्या कंपनीतली तुझ्याच वयाची दोन मुले आहेत, आणि आमची मते कशातही जुळत नाहीत. हेवा असतो. आपल्या मागून आलेला आपल्या पुढे गेला की एक सकाळ कडू जाते. मला तसे झाले आहे आणि तुलाही होईल. ते लपवण्यापेक्षा त्या माणसाला ‘तू काय बदललेस?’ असे सरळ विचारावे. तो सांगतो आणि आपल्या मनातली अढी अर्धी सुटते. कोणाच्या आकड्यांवर आपला सराव बेतू नकोस. त्या दोन मुलांच्या वेगाने तू तीन आठवडे गेलीस तर चौथ्या आठवड्यात घरी बसशील. दुखणे लपवू नकोस, आणि दुसऱ्याने लपवलेले दिसले तर गप्प राहू नकोस. मागे काकांच्या छातीत कळ येत होती आणि ते ‘गॅस’ म्हणत होते. शिक्षिकेने सायकली तिथेच उभ्या करवून त्यांना रिक्षात बसवले आणि डॉक्टरांकडे नेले. ते आज आमच्याबरोबर आहेत, पोहतात, पावागड मात्र करत नाहीत.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्यातल्या तिघांच्या घरांत कमरेएवढे पाणी होते. ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आम्ही वेळा आणि अंतरे टाकतो, त्यावर त्या चार दिवसांत कोणाकडे दूध नाही, कोणाची आजी गच्चीवर अडकली आहे, कोणत्या गल्लीत मगर दिसली, हेच येत होते. पोहणारे आणि सायकल चालवणारे असल्याने आम्ही काही पराक्रम केला नाही. पोळ्या केल्या, पाण्याचे कॅन उचलले आणि पाणी ओसरल्यावर एकमेकांच्या घरातला चिखल काढला. त्यानंतरचा पहिला रविवार मला पक्का आठवतो. रस्ता खराब होता म्हणून आम्ही फार लांब गेलो नाही, सेव-उसळ खाल्ली आणि परतलो, आणि कोणीही घड्याळ सुरू केले नव्हते.

खाण्यापिण्याचे आणि शरीराचे आता लिहिते. मुलगी म्हणून तुला हे कोणी सांगितले नसेल. सराव वाढला की खाणेही वाढले पाहिजे. वजन उतरावे म्हणून पोटाला चिमटा काढून सराव करणाऱ्या मुलींची पाळी अनियमित होते, काहींची थांबते, आणि पुष्कळ जणी त्याला खेळाचा परिणाम समजून सोडून देतात. ती शरीराची तक्रार असते. पुरेसे अन्न न मिळाल्याने शरीराने एक काम बंद ठेवलेले असते, आणि त्याची किंमत हाडे मोजतात. तसे झाले तर सराव थांबवून डॉक्टरांना भेट. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन पाहून घे. लांब सायकलिंगच्या वेळी तासाला सुमारे ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवे. महागड्या एनर्जी जेलची गरज नाही, पाण्यात साखर, मीठ आणि लिंबू, बरोबर केळे, खजूर, शेंगदाण्याची चिक्की यांवर माझे भागते. मात्र पोटालाही सराव लागतो, म्हणून स्पर्धेच्या दिवशी नवे काही खाऊ नये. नुसते पाणी तास-तासभर घटाघटा पिऊ नकोस. रक्तातले सोडियम उतरले तर ते तहानेइतकेच धोक्याचे असते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, हे तुला सांगायला नको. उन्हाची सवय शरीराला साधारण दहा-चौदा दिवसांत होते. घाम लवकर सुटू लागतो आणि तेवढ्याच श्रमात हृदयाचे ठोके कमी पडतात. पण ती सवय हळूहळू घालायची असते. मे-जूनमध्ये सात वाजायच्या आत घरी परत यायचे हा आमचा शिरस्ता आहे. उन्हात अंगावर काटा येऊ लागला, बोलणे अडखळू लागले किंवा सोबतचा माणूस भलतेच बोलू लागला तर त्या क्षणी थांबून सावलीत न्यायचे आणि अंगावर पाणी ओतायचे. बरळू लागलेल्या माणसाला आपण बरळतो आहोत हे कळत नाही, हे आणखी एक कारण एकटे न जाण्याचे.

घड्याळ सध्या घेऊ नकोस. ज्या पैशात घड्याळ येते त्यातले थोडे चांगले हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, दोन ट्यूब, पंप आणि पाण्यात न गळणारा गॉगल यांवर घाल. जुनी सायकल चालेल. फक्त बसण्याची उंची नीट लावून घे, पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. तीही मी रविवारी पाहीन.

राहिली तुझी स्पर्धा. गोव्यात २०१९ पासून होत असलेल्या ज्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये, म्हणजे एकूण ७०.३ मैलांच्या अर्ध्या आयर्नमॅनमध्ये, तुला उतरायचे आहे, तिच्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धाव असते, आणि एकूण साडेआठ तासांची मर्यादा असते. पोहण्याला ७० मिनिटे मिळतात. पंचवीस मीटरच्या तलावात हे ७६ वेळा अंतर कापणे झाले, म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटे ४० सेकंद. ही गती फार वेगाची नाही, परंतु न थांबता ठेवायची आहे. पोहून आल्यावर ताशी २३ किलोमीटरच्या आसपास सायकल चालली आणि शेवटी तीन तासांत धाव झाली, तरी तू वेळेत पोहोचतेस. दहा महिन्यांत हे होऊ शकेल की नाही, ते मला तुझे पोहणे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि खोटी आशा मी तुला देणार नाही. पहिले तीन महिने पाण्यात घालवू. त्यानंतर १.५ किलोमीटर, ४० आणि १० ची छोटी स्पर्धा करून पाहू, आणि मगच मोठीचे पैसे भर. या वर्षी नाही झाले तर पुढच्या वर्षी. मॅडोना ब्यूडर या अमेरिकी ख्रिस्ती जोगिणीने २०१२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, याच्या दुप्पट अंतराची पूर्ण आयर्नमॅन केली. तुझ्या हातात वर्षे पुष्कळ आहेत.

आईला सांग की अंधारात तुला एकटीला घराबाहेर पडावे लागणार नाही. शिक्षिका तुमच्याच गल्लीवरून येते, ती पाच वाजता खाली उभी राहून हाक मारील. सव्वापाचला काळ्या घोड्यापाशी सगळे असतात. या रविवारी आजव्याच्या रस्त्याने वीस किलोमीटर जाऊन परत येऊ, त्याहून जास्त नाही. टायरमध्ये आदल्या रात्री हवा भर, पाण्याची बाटली आण, आणि निघण्यापूर्वी एक केळे तरी खा. पाऊस असला तरी ये. निघायचे की नाही ते आम्ही तिथे जमल्यावर ठरवतो, आणि नाही निघालो तर चहा घेऊन घरी जातो.

तुझी,
मावशी